आधी फीचा ठराव, मग शनिवारची सुट्टी

२९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि बारामती-इंदापुरातही तहसील, भूमी अभिलेख यांसारख्या कार्यालयांचे कामकाज शनिवारी थांबले. बँका तर १ सप्टेंबर २०१५ पासूनच दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. म्हणजे शनिवारी ना मोजणीची चौकशी करता येते, ना फेरफाराचा पाठपुरावा. तरीही सीए, कर सल्लागार, वकील, आर्किटेक्ट, बांधकाम अभियंता यांची छोटी कार्यालये शनिवारी उघडी असतात. कित्येकदा रविवारी सकाळीही. अशिलाला सवड तेव्हा असते आणि 'आज नको, सोमवारी या' असे म्हणण्याची सोय फीच्या ठरावात कुठेच केलेली नसते.

आठवड्याची सुट्टी आणि फी यांची चर्चा सहसा वेगवेगळी होते. सुट्टी हा कर्मचाऱ्यांचा विषय, फी हा मालकाचा. चार-पाच माणसांच्या कार्यालयात मात्र हे दोन्ही विषय एकमेकांत गुंतलेले असतात. अशिलाने कागद कधी द्यावेत, केव्हा यावे, फोनवर किती सल्ला मागावा याला फीमध्ये काहीच बंधन नसेल, तर सुट्टीचा कितीही नेटका तक्ता केला तरी तो पहिल्याच शेवटच्या तारखेला मोडतो. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी फीची मांडणी बदलायची, त्यातून सुटलेल्या तासांवर आठवडा बेतायचा.

दिवस कमी, तास किती?

सरकारी पाच दिवसांच्या आठवड्याचे गणित पाहण्यासारखे आहे. १२ फेब्रुवारी २०२० च्या मंत्रिमंडळ निर्णयाने आठवड्यातला एक दिवस कमी केला, पण रोज ४५ मिनिटे वाढवली. जेवणाची सुट्टी वगळून सव्वासात तासांचा असलेला दिवस आठ तासांचा झाला. वर्षाचे कामाचे दिवस सरासरी २८८ वरून २६४ वर आले; कामाचे तास मात्र २,०८८ वरून २,११२ झाले. सुट्ट्या वाढल्या, पण कागदावरचे कामही २४ तासांनी वाढले. पोलीस, रुग्णालये, शाळा अशा सेवा यातून वगळल्या होत्या.

याला तासांची फेरमांडणी म्हणता येईल. बेल्जियमने २०२२ मध्ये कामगारांना पाच दिवसांचे तास चार दिवसांत पूर्ण करण्याची मुभा दिली, तीही याच जातीची. दुसरा प्रकार खऱ्या अर्थाने तास कमी करण्याचा आहे. न्यूझीलंडमध्ये मृत्युपत्रे आणि विश्वस्त निधी सांभाळणाऱ्या 'पर्पेच्युअल गार्डियन' या संस्थेने २०१८ मध्ये सुमारे २४० कर्मचाऱ्यांना आठ आठवडे पाच दिवसांच्या पगारात चार दिवसांचे काम दिले आणि नंतर ती पद्धत चालू ठेवली. ब्रिटनमध्ये जून ते डिसेंबर २०२२ या काळात ६१ संस्था आणि सुमारे २,९०० कर्मचारी अशाच प्रयोगात उतरले. प्रयोग संपल्यावर ५६ संस्थांनी तो पुढे चालू ठेवला.

छोट्या कार्यालयांनी ब्रिटनच्या प्रयोगातून दोन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत. पहिली, प्रयोग सुरू होण्यापूर्वी दोन महिने फक्त तयारी झाली: कोणत्या बैठका टाळता येतील, कोणते काम दोनदा होते, कोणाची रजा कोणी सांभाळायची. दुसरी, सगळ्यांनी शुक्रवारी टाळे लावले नाही. काहींनी पाळीपाळीने सुट्टी दिली, काहींनी विभागानुसार वेगळी पद्धत ठेवली. एका उपाहारगृहाने तर वर्षाची सरासरी धरली. उन्हाळ्याच्या गर्दीत जास्त तास, हिवाळ्यात कमी. बारामती-इंदापूरच्या कार्यालयांना हाच शेवटचा नमुना सर्वांत जवळचा आहे, कारण इथले कामही हंगामी आहे आणि इथला पैसाही.

या दोन तालुक्यांचे वर्ष

पुण्या-मुंबईच्या पगारदार अशिलाकडे महिन्याच्या पहिल्या तारखेला पैसा येतो. इथे तो वेगवेगळ्या वाटांनी येतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा हे सहकारी कारखाने आणि शेटफळगढेचा बारामती ॲग्रो यांचे गळीत सुरू झाले की उसाच्या बिलाची वाट पाहणे सुरू होते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत किमान दर द्यायचा असतो, उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याजासह. काही कारखाने अंतिम दर जाहीर करून उरलेली रक्कम पुढे देतात. ती बहुधा दिवाळीच्या आगेमागे येते. दूध घालणाऱ्याकडे दर दहा दिवसांनी दुधाचा पगार येतो. इंदापूर तालुक्यातल्या डाळिंबवाल्याचा पैसा त्याने मृग, हस्त की आंबे बहर धरला आहे यावर ठरतो. बारामती एमआयडीसीतल्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लघुउद्योजकाचे बिल ४५ दिवसांनीही निघते आणि कधी त्याहून उशिरा.

कार्यालयाच्या कामाचे वर्ष याच्याशी जुळत नाही. महिन्याच्या ७ तारखेला टीडीएसचा भरणा, ११ ला जीएसटीची विक्री विवरणे, २० ला जीएसटीचा मासिक भरणा. तिमाही योजनेतल्या छोट्या व्यापाऱ्यासाठी १३ आणि २२. जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखांना आगाऊ आयकर. त्यात सहकाराची भर. सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत म्हणजे ३१ जुलैपर्यंत व्हावे लागते आणि वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत. गावोगावच्या विकास सोसायट्या, दूध संस्था, पतसंस्था यांचे दप्तर याच चार महिन्यांत कार्यालयात येते. वैयक्तिक आयकर विवरणांचा लोंढाही त्याच सुमारास असतो.

त्याच दिवसांत, ज्येष्ठ-आषाढात, संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीला येते. काटेवाडीत मेंढ्यांचे रिंगण, बेलवाडीत गोल रिंगण, पुढे इंदापूरचा मुक्काम. या मार्गावर दोन-तीन दिवस वाहतूक वळवलेली असते. भवानीनगर किंवा निमगाव केतकीहून रोज ये-जा करणारा कर्मचारी त्या दिवशी वेळेवर पोहोचेल असे धरणेच चूक. पालखीच्या तारखा आधीच जाहीर होतात, तेव्हा त्या दिवशी घरून काम किंवा सरळ सुट्टी असे तक्त्यात वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून टाकता येते.

म्हणून पहिला गृहपाठ असा: भिंतीवरच्या मोठ्या कॅलेंडरवर तीन रंगांनी खुणा कराव्यात. एका रंगाने कायद्याच्या तारखा, दुसऱ्याने अशिलांकडे पैसा येण्याचे महिने, तिसऱ्याने सण, पालखी, आठवडे बाजार आणि मुलांच्या परीक्षा. वकिलांनी त्यात मे महिन्यातली दिवाणी न्यायालयांची उन्हाळी सुट्टी आणि दिवाळीची सुट्टी घालावी. आर्किटेक्ट आणि अभियंत्यांनी पावसाळा, कारण तेव्हा साइटचे काम मंदावते आणि नकाशाचे वाढते. कोणत्या महिन्यात आठवडा आखडता येईल आणि कोणत्या महिन्यात त्याचे नावही काढायचे नाही, हे या एका कागदावर दिसते.

चाळीस तास कुठून आणायचे?

समजा, एका कर सल्लागाराच्या कार्यालयात मालक धरून पाच माणसे आहेत. सहा दिवस, रोज आठ तास, म्हणजे आठवड्याला २४० तास. प्रत्येकाला पाचच दिवस द्यायचे तर २०० तास उरतात. चाळीस तासांची तूट आली.

आता हेच कार्यालय दोन आठवडे साधी नोंद ठेवते. कोणाचा कोणत्या कामात किती वेळ गेला, एवढेच वहीत लिहायचे. समजा असे दिसले की चार कर्मचाऱ्यांपैकी प्रत्येकाचा रोज एक तास 'बिले पाठवा, बँक स्टेटमेंट पाठवा, ओटीपी सांगा' या फोनांत जातो. सहा दिवसांचे झाले २४ तास. मालकाचे रोज दोन तास न कळवता आलेल्या माणसांच्या चहा-पाण्यात आणि 'जाता जाता एक विचारायचं होतं' यात जातात. आणखी १२. एकूण ३६ तास. तूट चाळीसची होती. म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्याला लागणारे बहुतेक तास कार्यालयातच आहेत. ते फुकट वाटले जात आहेत.

हे ३६ तास कर्मचाऱ्यांना 'जोरात काम करा' सांगून परत मिळत नाहीत. ते अशिलाच्या सवयीतून सोडवून घ्यावे लागतात आणि सवय बदलायला फी हे सर्वांत सभ्य साधन आहे.

हिशेबाची दुसरी बाजूही मांडून पाहावी. याच कार्यालयात चौघांचे पगार महिन्याला ७२ हजार, भाडे १२ हजार, वीज-इंटरनेट-सॉफ्टवेअर ११ हजार आणि मालकाने स्वतःसाठी धरलेला पगार ६० हजार. महिन्याचे १ लाख ५५ हजार, वर्षाचे १८ लाख ६० हजार. १२० अशील असतील तर प्रत्येकी सरासरी १५ हजार ५०० रुपये आलेच पाहिजेत. यादी काढली की अनेकांना धक्का बसतो. निम्म्या अशिलांकडून यापेक्षा बरेच कमी येत असते आणि सर्वांत जास्त फोन त्यांचेच असतात. आणखी एक गोष्ट: सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते, तेव्हा फी वाढवताना ही रेषा आधीच डोळ्यांसमोर ठेवावी. वकिलांच्या सेवांचे जीएसटीचे नियम वेगळे आहेत.

फी घेण्याच्या वाटा

तासावर फी हा प्रकार इथे रुजलेला नाही आणि रुजवण्याचे कारणही नाही. हुशार माणूस तेच काम लवकर संपवतो, मग त्याने कमी का घ्यावे? त्याऐवजी पुढच्या पद्धतींपैकी दोन-तीन एकत्र वापरता येतात.

*उक्ती वार्षिक फी.* वर्षभराच्या ठरलेल्या कामांची यादी आणि त्याची एक रक्कम. अशिलाला खर्च आधी कळतो, कार्यालयाला उत्पन्न आधी कळते. याचे दोन-तीन स्तर करावेत. पहिल्यात फक्त विवरणे आणि भरणा; दुसऱ्यात त्याबरोबर हिशेब लिहिणे; तिसऱ्यात तिमाही बैठक, कर्जाचे प्रस्ताव आणि नोटिशींची उत्तरे. अशिलाने स्वतः निवडले की घासाघीस कमी होते.

वर्षाच्या ठरावात एक धोका आहे आणि गावगाड्याने तो पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे. सुतार, लोहार, कुंभार यांना वर्षभराच्या कामापोटी सुगीला खळ्यावर धान्याचे बलुते मिळे. काम मात्र किती, कोणाचे, कोणत्या वेळी याला शेवट नसे, आणि अडल्या-नडल्याला बोलावले की जावेच लागे. कामाची सीमा न लिहिता केलेला वार्षिक ठराव आजच्या कार्यालयालाही त्याच जागी नेतो. म्हणून उक्त्या फीच्या पत्रात 'यात काय नाही' ही यादी 'यात काय आहे' इतकीच ठळक असावी.

*कागदांच्या तारखेवर फी.* महिन्याच्या ५ तारखेपर्यंत सगळी बिले आणि बँक स्टेटमेंट दिले तर ठरलेली फी. त्यानंतर दिले तर ठरावीक टक्के जास्त. शेवटच्या दोन दिवसांत दिले तर तातडीचा दर, तोही कार्यालयाला जमत असेल तरच. दंड म्हणण्याऐवजी वेळेवर देणाऱ्याला सवलत अशी मांडणी केली तर माणसे दुखावत नाहीत. वर मोजलेल्या २४ तासांपैकी मोठा वाटा याच एका कलमाने सुटतो.

*पैसा येईल तेव्हा हप्ता.* बागायतदार अशिलाला सप्टेंबरमध्ये पूर्ण फी मागितली तर उधारीच वाढते. त्याला जानेवारी आणि एप्रिल असे दोन हप्ते, डाळिंबवाल्याला बहर उतरल्यावर, दुग्ध व्यावसायिकाला महिन्याला छोटी रक्कम, किराणा दुकानदाराला तिमाही, अशी सोय द्यावी. हप्त्याची तारीख आणि रक्कम ठरावात पक्की लिहावी. 'उसाचं बिल आल्यावर बघू' एवढ्यावर सोडू नये. फी वर्षाअखेरी एकरकमी मागण्यापेक्षा अशी विभागून आली की कार्यालयाचे पगारही वेळेवर होतात.

*एकरी किंवा भेटीनुसार फी.* डाळिंब आणि द्राक्ष बागांचे सल्लागार हंगामाला एकरी फी आणि ठरावीक भेटी अशा पद्धतीने काम करतात. शेती सल्ला, माती परीक्षणावर आधारित मार्गदर्शन, पशुवैद्यकीय सेवा यांत ही पद्धत सोयीची आहे. भेटींची संख्या, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून विचारण्याची वेळ आणि जादा भेटीचा दर या तिन्ही गोष्टी लिहिलेल्या असल्या म्हणजे झाले. खर्च वाटून घेण्याचाही नमुना बारामतीतच आहे. ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या उसातील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रकल्पाचा विस्तार करताना शेतकऱ्याबरोबर साखर कारखाना आणि वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट यांनीही भार उचलण्याची योजना पुढे आली. छोटा सल्लागारही एकेका शेतकऱ्याऐवजी दहा-पंधरा जणांच्या गटाशी किंवा उत्पादक कंपनीशी ठराव करू शकतो.

*टप्प्यांवर फी.* आर्किटेक्ट आणि अभियंत्यांसाठी हीच जुनी, चांगली वाट. प्राथमिक आराखडा, मंजुरीचे नकाशे, कामाचे तपशीलवार नकाशे, साइटच्या भेटी असे टप्पे आणि प्रत्येक टप्प्याची रक्कम पुढचा टप्पा सुरू होण्यापूर्वी. आराखड्यात दोन बदल फीमध्ये, तिसऱ्यापासून वेगळे पैसे, हेही लिहावे. घर बांधणाऱ्या कुटुंबात मत देणारी माणसे भरपूर असतात.

कुठे हात आखडता घ्यायचा

'काम झालं तरच पैसे' किंवा 'वाचवलेल्या रकमेचे इतके टक्के' ही मांडणी ऐकायला आकर्षक आहे. पण अनेक व्यवसायांत ती नियमबाह्य आहे. वकिलाला दाव्याच्या निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही आणि मिळणाऱ्या रकमेत वाटाही घेता येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत ते स्पष्ट आहे. चार्टर्ड अकाउंटंटला १९४९ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीनुसार नफ्याच्या टक्केवारीवर किंवा निष्कर्षावर अवलंबून फी घेण्यास मनाई आहे. त्याला नियम १९२ मध्ये मोजके अपवाद आहेत आणि त्यांतला एक या भागाला लागू पडतो: सहकारी संस्थेच्या लेखापरीक्षकाची फी भागभांडवल, खेळते भांडवल, उत्पन्न किंवा नफा यांच्या टक्केवारीवर असू शकते. डॉक्टरांनाही 'गुण आला तरच पैसे' असा करार करता येत नाही. शिवाय वकील आणि सीए यांच्यावर जाहिरातीची बंधने आहेत, म्हणून नवे दरपत्रक पाटीवर किंवा स्टेटसवर झळकवण्याऐवजी प्रत्येक अशिलाच्या पत्रातच द्यावे.

कामाच्या वेळेचा कायदाही पाहून घ्यावा. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये आर्किटेक्ट, अभियंता, अकाउंटंट, कर सल्लागार, वैद्यकीय व्यावसायिक यांची कार्यालये आस्थापनेच्या व्याख्येत येतात. या कायद्यात रोज नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट दर अशा तरतुदी आल्या. आस्थापना सातही दिवस उघडी ठेवता येते. सुट्टी माणसाला मिळाली पाहिजे. कायदा दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होता आणि त्यापेक्षा लहान आस्थापनांनी फक्त माहिती कळवायची होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्यास आणि रोजचे तास दहा करण्यास मान्यता दिली. त्यानंतर २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या श्रमसंहिताही लागू झाल्या. तक्ता पक्का करण्यापूर्वी चालू तरतूद कामगार कार्यालयातून विचारून घेणे शहाणपणाचे.

कायद्याची सक्ती नसली तरी ४८ तासांची रेषा पाळावी. जुलै-सप्टेंबरच्या गर्दीत ती ओलांडली तर त्या तासांची नोंद ठेवून पैसे द्यावेत. नुसते 'नंतर सुट्टी घे' म्हटले तर ती 'नंतर' येत नाही आणि कार्यालयातली मुले-मुली पुण्यातली नोकरी शोधू लागतात. सीएच्या कार्यालयातल्या आर्टिकल विद्यार्थ्यांना इन्स्टिट्यूटचे स्वतंत्र नियम आहेत. त्यांचा तक्ता त्यावरूनच ठरवावा.

एका पानाचा ठराव

फी आणि वेळ यांना जोडणारा दुवा म्हणजे अशिलाबरोबरचे पत्र. मराठीत, एका पानाचे, दोन्ही बाजूंच्या सह्यांचे. लेखापरीक्षणासाठी सीएंना असे पत्र मानकांनुसार करावेच लागते. बाकीच्या कामांसाठीही ती सवय लावावी. त्यात सात गोष्टी असाव्यात:

१. कोणती कामे करायची, त्यांची यादी.
२. कोणती कामे यात नाहीत आणि त्यांचे वेगळे दर.
३. कागद देण्याची तारीख आणि उशीर झाल्यास बदलणारी फी.
४. फीची रक्कम, हप्ते आणि त्यांच्या तारखा.
५. कार्यालयाचे भेटीचे दिवस व वेळा, आणि सुट्टीच्या दिवशी तातडीच्या कामासाठी एकच क्रमांक.
६. ओटीपी आणि पासवर्ड कोण देणार, कसे देणार. पासवर्ड व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही.
७. ठराव कधी संपतो, केव्हा नव्याने पाहायचा.

कंपन्या आणि कारखाने अशील असतील तर या पत्राचा आणखी एक उपयोग आहे. सल्ला सेवा देणाऱ्या कार्यालयाने उद्यम नोंदणी केली असेल तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. उशिरावर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. २०२३-२४ पासून तर सूक्ष्म आणि लघु उद्योगांची अशी बिले मुदतीत न चुकवणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजा मिळत नाही. उद्यम नोंदणी मोफत आहे. बिलावर नोंदणी क्रमांक छापला की मोठ्या कारखान्याच्या लेखा विभागालाही तारीख दिसते.

जुन्या अशिलांशी बोलणे हा सर्वांत अवघड भाग. वडिलांच्या वेळेपासून येणारे आप्पा-तात्या 'आता आम्हालाही ठराव का?' असे विचारणारच. त्यांना पत्र हातात देऊन नव्हे, समोर बसवून सांगावे: 'तात्या, तुमची फी गेल्या वर्षीइतकीच ठेवलीय. फक्त बिलं पाच तारखेच्या आत आली पाहिजेत, आणि शनिवारी आधी फोन करून या. म्हणजे तुमचं काम शेवटच्या दिवशी अडकणार नाही.' ज्यांची फी वाढवायची आहे त्यांना वाढ एकदम करण्याऐवजी दोन वर्षांत विभागून द्यावी. काही अशील जातील. वरच्या हिशेबातली यादी समोर असली की कोणाला थांबवायचे आणि कोणाला हसतमुखाने निरोप द्यायचा, हे ठरवणे सोपे जाते.

आठवड्याची मांडणी

फीचे पत्र लागू झाल्यावर आठवड्याकडे यावे. चार पद्धती इथे चालण्यासारख्या आहेत.

सर्वांत सोपी म्हणजे बंद दाराचे अर्धे दिवस. मंगळवार आणि शुक्रवार दुपारपर्यंत भेटी नाहीत, फोन एकाच माणसाकडे. सुट्टी कोणालाच वाढत नाही. पण लक्ष लावून काम होते आणि संध्याकाळी थांबणे कमी होते. कोणत्याही बदलाची सुरुवात इथून करावी.

दुसरी, पाळीपाळीने सुट्टी. कार्यालय सहा दिवस उघडे, माणूस पाच दिवस. शनिवारी अशील खरोखर येत असतील तर हीच पद्धत बरी. पण प्रत्येक अशिलाचे काम किमान दोघांना माहीत असले पाहिजे, नाहीतर 'ते आज सुट्टीवर आहेत' हे उत्तर ऐकून अशील वैतागतो. प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर चालू स्थिती दोन ओळींत लिहिण्याची शिस्त यासाठी आधी लावावी.

तिसरी, हंगामी आठवडा. गर्दीच्या महिन्यांत सहा दिवस, निवांत महिन्यांत पाच किंवा साडेचार. कर कार्यालयाला जानेवारी-फेब्रुवारीचे काही आठवडे, वकिलाला मे महिना, आर्किटेक्टला पावसाळा, असे निवांतपण प्रत्येकाचे वेगळे. पगार बारा महिने सारखा ठेवावा.

चौथी, घरून एक दिवस. बारामती ते इंदापूर अंतर सुमारे ५० किलोमीटर आहे. रोज दोन वेळा हा प्रवास करणाऱ्या कर्मचाऱ्याला आठवड्यातला एक दिवस घरून दिला तर त्याचे काही तास आणि पेट्रोलचा खर्च वाचतो. हिशेब लिहिणे, नकाशे काढणे, दाव्याचा मसुदा करणे यांना हे जमते. मात्र अशिलांची आधार, पॅन आणि बँकेची माहिती घरच्या संगणकावर साठू नये. काम कार्यालयाच्या खात्यातूनच व्हावे आणि मूळ कागद घरी न्यायचे नाहीत. वीज आणि इंटरनेट बेभरवशाचे असेल अशा वाडी-वस्तीवर राहणाऱ्याला ही सोय लादू नये.

चार दिवसांचा आठवडा? दहा तासांचे चार दिवस करून तो कागदावर बसवता येतो. पण नववा आणि दहावा तास आकडेमोडीच्या कामात चुका वाढवतो आणि चुकीच्या विवरणाचा त्रास महिनोन्‌महिने पुरतो. पाच माणसांच्या कार्यालयाने आधी पाच दिवस वर्षभर नीट चालवून दाखवावेत.

केव्हा सुरू करायचे

दप्तर १ एप्रिलला नवे होते, म्हणून पत्रे फेब्रुवारीत द्यायला घ्यावीत. तोवर डिसेंबर-जानेवारीत वेळेची दोन आठवड्यांची नोंद आणि अशिलांची फीनिहाय यादी तयार हवी. सगळ्या अशिलांना एकदम नवी पद्धत लावू नये. पहिल्या वर्षी नवे अशील आणि जुन्यांपैकी समजूतदार वीस-पंचवीस पुरेत. एप्रिल-मेमध्ये बंद दाराचे अर्धे दिवस चालवून पाहावेत. जून ते ऑक्टोबर काहीही नवे करू नये. फक्त उशिरा कागदाचे कलम न चुकता लावावे. पहिल्याच वेळी सूट दिली की ते कलम संपले. दिवाळीनंतर पाच दिवसांचा आठवडा तीन महिन्यांसाठी सुरू करावा आणि 'हा प्रयोग आहे, जमला नाही तर बदलू' असे कर्मचाऱ्यांना आणि अशिलांना आधीच सांगावे.

तीन महिन्यांनी चार आकडे पाहावेत: ५ तारखेपूर्वी कागद देणारे अशील किती झाले, लेट फी लागलेली किंवा चुकीमुळे दुरुस्त करावी लागलेली विवरणे किती, ९० दिवसांहून जुनी येणी किती आणि सुट्टीच्या दिवशी कर्मचाऱ्यांना किती वेळा बोलवावे लागले. पहिला आकडा वाढत असेल आणि उरलेले तीन घटत असतील तर पद्धत पुढे न्यावी. चुका वाढल्या तर आठवडा पूर्ववत करून फाइलींची नोंद नीट लावावी. येणी वाढली तर हप्त्यांच्या तारखा अशिलाच्या पैशाशी जुळतात का ते तपासावे. सुट्टीत बोलावणी वाढली तर बहुधा दोन-तीनच अशील त्यामागे असतात. त्यांच्या पत्रातले तातडीचे कलम मार्च संपण्यापूर्वी नव्याने लिहून घ्यावे.